'हँडसमली' : हातातून निघालेला शब्द



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा काही मंडळींनी चालकांना विचारले म्हणतात, की हा युनियनचा माणूस इंग्रजी शिकवायला केव्हापासून लागला? प्रश्न रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीत थांबले, आणि त्या वर्गात इंग्रजीचा तास म्हणजे माझ्यापुरता बाकावर उभे राहण्याचा तास होता. पुढे जे काही इंग्रजी आले ते नोटिसा, चार्जशीटे आणि करारनामे वाचता वाचता आले. तेव्हा व्याकरणाच्या वाटेला मी जाणार नाही. एका शब्दाने मला एकदा फसवले, त्याची हकिगत सांगणार आहे. ज्याने आपल्याला फसवले त्याचे गाव, घराणे शोधून काढावे अशी माणसाची इच्छा असते. तशी मी या शब्दाची कुळकथा शोधली. ती इतकी चांगली निघाली, की चालकांनी 'कामगार कायदे' या विषयावर बोला म्हटले असतानाही मी हट्टाने हाच विषय घेतला. कायदाही त्यात येईलच.

शब्द आहे 'हँडसमली'. इंग्रजीत तो स्तुतीचा म्हणून वापरतात. संघ जिंकला तर 'हँडसमली' जिंकला, एखाद्याने मनापासून क्षमा मागितली तर ती 'हँडसम' क्षमा, आणि नोकराला मोबदला भरपूर दिला तर तो 'हँडसमली' दिला असे म्हणायचे. 'हँडसम' हा शब्द आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. नवरदेव हँडसम असतो, नट हँडसम असतो. मलाही तेवढेच ठाऊक होते, आणि घोटाळा तिथेच झाला.

गोष्ट 1994 सालची. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका लहान कारखान्यात कामाला होतो. कारखान्याचे नाव घेत नाही. तो आता बंद आहे आणि त्याचे नाव घेतल्याने कोणाचे भले होणार नाही. आमच्यात एक वडीलधारे गृहस्थ होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. बारा वर्षे पॉवर प्रेसवर काढलेला माणूस. प्रेसची रचना आपणांपैकी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: खाली डाय असतो, वरून पंच येतो, मध्ये पत्रा सरकवायचा आणि पायाने पेडल दाबायचे. हात बाहेर येण्याआधी पेडल दबले तर काय होईल हे सांगावयास नको. त्यासाठी पुढे जाळीचा गार्ड असतो. पण गार्ड लावला की हात आतबाहेर करायला वेळ लागतो आणि तासाचे नग कमी निघतात, म्हणून आमच्याकडे गार्ड काढून भिंतीला टेकवून ठेवलेले असत. त्या दिवशी तात्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

दवाखान्याचा खर्च मालकांनी केला, हे खरे आहे आणि ते सांगितले पाहिजे. महिनाभराने तात्यांच्या हातात एक इंग्रजी पत्र आले. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या बारा वर्षांच्या सेवेची तारीफ होती. दुसऱ्या परिच्छेदात लिहिले होते, की व्यवस्थापन त्यांना योग्य वेळी 'हँडसमली' भरपाई देईल आणि त्याअर्थी त्यांची आणखी कोणतीही मागणी उरलेली नाही. खाली सही करावयाची जागा होती. तात्यांनी पत्र माझ्याकडे आणले. सगळ्या शेडमध्ये खिशात इंग्रजी-मराठी कोश बाळगणारा मी एकटाच होतो आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. मी कोश उघडला, 'हँडसम' शब्दापुढचा पहिला अर्थ वाचला, 'सुंदर, देखणा', आणि कोश मिटला. "तात्या, ते तुमची सुंदर भरपाई करणार आहेत. चांगलेच लिहिले आहे. सही करून टाका," असे मी म्हणालो.

किती, हे मी विचारले नाही. केव्हा, हेही विचारले नाही. दिवाळीला तात्यांना तीन हजार रुपये आणि भिंतीवरचे एक घड्याळ मिळाले. पुढच्या चैत्रात त्यांना सांगण्यात आले, की आता तुमच्याजोगे काम आमच्याकडे नाही.

त्यानंतर काय झाले ते शेवटी सांगतो. त्या दिवसांत मी नगरवाचनालयात जाऊन बसू लागलो. तेथे संदर्भ विभागात ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश होता. नुसता अर्थ सांगून तो थांबत नाही. शब्द पहिल्यांदा कोणत्या शतकात कोणत्या अर्थाने लिहिला गेला, मग तो कसा कसा वळत गेला, याचे पुरावे पुढे ठेवतो. या कोशाचा पहिला भाग 1884 साली निघाला आणि शेवटचा 1928 साली. त्याचे मुख्य संपादक जेम्स मरे हे एका शिंप्याचे चिरंजीव, आणि त्यांची शाळा चौदाव्या वर्षी सुटली होती. हे मला कळले तेव्हा त्या जाडजूड खंडांची भीती निम्मी कमी झाली. कोश पुरा झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते; ते 1915 साली वारले. हजारो वाचकांनी जगभरातून त्यांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर वाक्ये लिहून पाठवली आणि त्यांतून तो ग्रंथ उभा राहिला. वर्गणी गोळा करून इमारत बांधावी तसे ते काम आहे. युनियनच्या माणसाला हे चटकन समजते.

आता शब्द सोडवू या. 'हँडसमली'चे तीन तुकडे पडतात: हँड, सम आणि ली.

हँड म्हणजे हात. एवढे तर बाकावर उभ्या असलेल्या मुलालाही माहीत असते. परंतु 'हँडसम'मध्ये हात आहे हे त्या शब्दाकडे रोज पाहूनही कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते. डोळ्यांत भरणारे रूप आणि हात यांचा संबंध काय? एकाने तर मला पैज लावून सांगितले, की हॅन्सम नावाची घोडागाडी लंडनमध्ये असे, तीवरून हा शब्द आला. ते खरे नव्हे. गाडी निघाली 1834 साली, शब्द तिच्याहून चारशे वर्षांनी जुना. पण त्या गाडीच्या जनकाची गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. जोसेफ हॅन्सम हा स्थापत्यविशारद. बर्मिंगहॅमचा टाउन हॉल त्याने आणि त्याच्या भागीदाराने मिळून बांधावयास घेतला आणि त्या कंत्राटात दोघांचेही दिवाळे निघाले. पुढे त्याने या गाडीचे पेटंट घेतले, एका कंपनीला दहा हजार पौंडांना विकले, आणि ते दहा हजार पौंड त्याला कधीच मिळाले नाहीत. गाडी मात्र त्याच्या नावाने पुढे साठसत्तर वर्षे लंडनच्या रस्त्यांवर धावली. 'हँडसमली' देऊ, असे त्यालाही कोणी म्हटले असेल काय, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

असो. दुसरा तुकडा 'सम'. इंग्रजीत हा प्रत्यय पुष्कळ ठिकाणी लागतो. 'टायर' म्हणजे थकणे, 'टायरसम' म्हणजे थकवणारे. 'ट्रबल' म्हणजे त्रास, 'ट्रबलसम' म्हणजे त्रासदायक. आपण 'लाज'ला 'आळू' लावून 'लाजाळू' करतो, 'भांडण'ला 'खोर' लावून 'भांडखोर' करतो, तसाच हा प्रकार. मात्र येथे एक गंमत आहे. हा 'सम' प्रत्यय आणि 'सारखा' या अर्थाचा इंग्रजी 'सेम' हे एकाच मुळाचे, आणि ते मूळ आपल्या संस्कृत 'सम' शब्दाचेही आहे असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. उलट ज्यांचे नाते आहे असे सहज वाटावे, ते 'हँड' आणि 'हस्त' एकमेकांचे कोणी लागत नाहीत. दोघांची सुरुवात 'ह'ने होते एवढेच. आपल्या 'हस्ता'चे खरे भावंड ग्रीक भाषेत आहे. तेथे हाताला 'खेइर' म्हणतात, आणि त्यापासून 'हाताने काम करणारा' अशा अर्थाचा जो शब्द झाला तोच लॅटिन व फ्रेंचमधून घासत घासत इंग्रजीत 'सर्जन' झाला. म्हणजे शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टर हे नावाने हातकामगारच आहेत. त्यांनी युनियन करावयाची ठरवल्यास आमचे दार उघडे आहे.

तिसरा तुकडा 'ली'. जुन्या इंग्रजीत 'लीक' म्हणजे शरीर, आकार. जर्मनमध्ये त्याच कुळातला शब्द प्रेताला लावतात, आणि इंग्लंडमध्ये चर्चच्या ज्या कमानीखाली शवपेटी टेकवीत तिला अजून 'लिच गेट' म्हणतात. कशाच्या तरी रूपाने, या अर्थी तो शब्दाच्या शेवटी लागला, आणि झिजून 'ली' झाला. आपले 'रूपाने', 'पणे' हे शब्द हेच काम करतात.

तिन्ही तुकडे जोडा. हाताला सम, हाताला जुळेल अशा रीतीने. हा मूळ अर्थ.

पंधराव्या शतकात 'हँडसम' हा शब्द पहिल्यांदा लिहिलेला सापडतो तेव्हा त्याचा अर्थ सुंदर नाही, देखणा नाही. हाताळायला सोपा, हाताशी येणारा, एवढाच आहे. वस्तू हँडसम असे, माणूस नव्हे. कुऱ्हाडीचा दांडा हाती घेतल्याबरोबर मुठीत बसावा, किंवा सुताराचा रंधा, लोहाराची सांडशी हात न दुखवता दिवसभर चालावी, तर ते अवजार हँडसम. ज्याने कधी हत्यार हाती धरले आहे त्याला ही स्तुती काय आहे ते कळेल. आमच्या शेडमध्ये प्रत्येकाचा एक हातोडा ठरलेला असे. दुसऱ्याने तो उचलला तर मारामारी होई. दिसायला सगळे हातोडे सारखेच.

मग शब्द पुढे सरकला. जे हाताला बसते ते कामाला योग्य, म्हणून सोळाव्या शतकात 'हँडसम' म्हणजे उचित, सोईचे. आणि 'हँडसमली' म्हणजे कौशल्याने, नीटनेटके. आपल्याकडे 'त्याचा हात बसला आहे' असे म्हणतात, 'हातोटी' म्हणतात, 'हातखंडा' म्हणतात, तोच भाव. शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'मध्ये राजपुत्र नटमंडळीपुढे एका नाटकाची वाखाणणी करतो तेव्हा नटवेपणाच्या उलट, बांधणीने चांगले, या अर्थानेच हा शब्द योजतो. त्याच शतकात 'बरीच मोठी' असाही अर्थ आला: हँडसम रक्कम, म्हणजे मूठ भरेल अशी. आणि जे प्रमाणात आहे, नीट घडलेले आहे, ते डोळ्यालाही बरे वाटते. म्हणून शतक संपता संपता शब्द माणसाच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. स्त्रीलाही तो लावीत. आज तो बहुतेक पुरुषालाच लावतात, आणि स्त्रीला लावलाच तर भारदस्त, उंचपुरी, असे सुचवावयाचे असते.

येथे आपल्या भाषेकडे पाहावे. 'देखणा' हा शब्द 'देखणे' या क्रियापदावरून आला आहे. आपण रूपाची परीक्षा डोळ्याकडे दिली. इंग्रजांनी या एका शब्दात तरी ती हाताकडे दिली. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द 'सुघड'. जे चांगले घडले आहे ते सुघड, आणि जी बाई काम चांगले घडवते तीही सुघड. रूप आणि काम यांची अशी गाठ ज्यांनी मारली ते लोक काम करणारे असले पाहिजेत, असे माझे मत आहे. पंडितांना ते मान्य होईल की नाही याची मला काळजी नाही. इंग्रजीतही एक जुनी म्हण आहे, की ज्याची करणी चांगली तोच हँडसम. ती गोल्डस्मिथच्या 1766 सालच्या प्रसिद्ध कादंबरीतही येते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक वळण आले, आणि तात्या ज्या खड्ड्यात पडले तो या वळणावर आहे. 'हँडसम' म्हणजे उदार, भरघोस, असा अर्थ झाला. 'हँडसमली' दिले म्हणजे सढळ हाताने दिले. पाहा, मराठीतही हात आलाच! 'सढळ हाताने' याच्याइतका चपखल प्रतिशब्द 'हँडसमली'ला दुसरा नाही, आणि तो कोशात नव्हे, माझ्या आईच्या तोंडी रोज होता. परंतु हा हात कोणाचा, हे नीट पाहिले पाहिजे. पंधराव्या शतकात या शब्दातला हात अवजार धरणाऱ्याचा होता. सतराव्या शतकात तो थैली धरणाऱ्याचा झाला. आधी हँडसम कोणते हे काम करणारा ठरवी. नंतर देणारा ठरवू लागला. आणि देणाऱ्याच्या हाताला किती म्हणजे सढळ, याचे माप नसते.

मी हे थोडे ताणून सांगतो आहे असे कोणास वाटेल. वाटो. परंतु त्याच सुमारास दुसरीकडे काय झाले ते ऐका. काम करणाऱ्या माणसालाच इंग्रजीत 'हँड' म्हणू लागले. जहाजावर 'हँड्स', शेतावर 'हँड्स', आणि मग कापडाच्या गिरण्या निघाल्यावर 'मिल हँड्स'. एवढे हात कामावर, एवढे हात कमी केले. त्या हातांना पोट आहे आणि घर आहे, याची नोंद हजेरीपटावर कोठे करावयाची? चार्ल्स डिकन्सला ही बोली खटकली होती. 1854 सालच्या 'हार्ड टाइम्स' या त्याच्या कादंबरीत गिरणीगावचे कामगार 'हँड्स' याच नावाने वावरतात.

तो शब्द मुंबईतही आला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनकडे धाडला. त्यांच्या संघटनेचे इंग्रजी नाव 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' असे होते. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, ती या हातांच्या आग्रहाने. तेव्हा मालकांनी तुच्छतेने घातलेले नाव कामगारांनी झेंड्यावर लावले असेही म्हणता येईल. मी मात्र तसे म्हणत नाही. लोखंडे व्यवहारी होते. सरकार ज्या नावाने ओळखते त्या नावाने अर्ज करावा लागतो, हे आम्हीही रोज पाहतो.

हाताची आणखी दोन पोरे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लॅटिनमध्ये हाताला 'मानुस' म्हणतात. त्यापासून 'मॅन्युफॅक्चर' झाला. शब्दशः हाताने केलेले. आज ज्या मालाला मनुष्याचा हात लागलेला नाही त्याच्या खोक्यावरही हाच शब्द छापतात. आणि त्याच 'मानुस'वरून इटालियनमध्ये घोड्याला हाताने वळण लावणे, फिरवणे, याचे क्रियापद झाले आणि सोळाव्या शतकात ते इंग्रजीत 'मॅनेज' म्हणून आले. मॅनेजर हा मूळचा घोडे फिरवणारा! वाटाघाटींच्या टेबलावर हे मी एकदा बोलून गेलो. समोरचे मॅनेजर सज्जन होते, हसले आणि म्हणाले, "अहो, घोडे ऐकतात तरी." या उत्तराला माझ्याजवळ जबाब नव्हता.

खलाशांच्या भाषेत 'हँडसमली'चा एक निराळाच अर्थ राहिला आहे. शिडाचा दोर सोडताना किंवा होडी पाण्यात उतरवताना तांडेल ओरडे, 'हँडसमली!' म्हणजे हळू, बेताने, हात राखून. झटका दिला तर दोर सुटतो, माणूस जातो. एकोणिसाव्या शतकात ॲडमिरल स्मिथ याने खलाशांच्या शब्दांचा कोश केला, तो 1867 साली छापला, त्यातही हा अर्थ दिलेला आहे. मला हा अर्थ सर्वांत आवडतो, कारण त्यात शब्द अजून कामावरच आहे. हे मी पुष्कळ वर्षांनी तात्यांना सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे सायबाने खोटे लिहिले नव्हते बघ. हळूहळू देतो म्हणाला होता."

आता थोडे बाकीच्या स्तुतिशब्दांविषयी, कारण हा एकच शब्द लबाड आहे असे मला म्हणावयाचे नाही. स्तुतीच्या शब्दांचा धंदाच असा आहे, की ते वापरून वापरून बोथट होतात किंवा हात बदलतात. इंग्रजी 'नाइस' हा लॅटिनमधल्या 'अजाण' या अर्थाच्या शब्दापासून निघाला. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख असा होता. तेव्हा आपल्याला कोणी नाइस म्हटले तर शतक कोणते ते विचारावे. 'फेअर' म्हणजे आधी सुंदर, मग न्याय्य. आणि 'फेअरली' म्हणजे आज काय? 'फेअरली गुड' म्हणजे ठीकठाक. आमच्या चळवळीत 'फेअर' दिवसाच्या कामाला 'फेअर' दिवसाची मजुरी, ही इंग्लंडमधली जुनी घोषणा होती. 1881 साली एंगल्सने एका कामगार-पत्रात लेख लिहून विचारले, की फेअर कोणाच्या मापाने? आपल्याकडे 1948 साली केंद्र सरकारने रास्त वेतनासाठी समिती नेमली, तिलाही प्रथम हेच ठरवावे लागले. किमान वेतनाच्या वर आणि जीवनवेतनाच्या खाली कोठे तरी रास्त वेतन बसते, असे तिने सांगितले. शब्दाच्या वर आणि खाली एकेक खुंटी ठोकली, हे तिचे मोठे काम.

मराठी तरी कोठे निराळी आहे? 'बरा' हा शब्द संस्कृत 'वर' म्हणजे श्रेष्ठ, यापासून आलेला. जुन्या कवितेत 'बरवा' म्हणजे सुंदर. आणि आज मुलगा कसा आहे विचारल्यावर कोणी 'बरा आहे' म्हणाला तर सोयरीक मोडते. 'शाबास' फारसीतून आला, 'शाद बाश', म्हणजे आनंदी राहा. माणसाच्या पाठीवर थाप मारून आपण त्याला आनंदी राहावयास सांगतो. पगारवाढ त्यात येत नाही.

तात्यांकडे परत येतो. वाचनालयात जाता जाता मला कोशापेक्षाही उपयोगाचे एक पुस्तक सापडले. कामगार नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा. आमच्या भागात तेव्हा राज्य विमा योजना लागू नव्हती, म्हणून हा कायदा आम्हांला लागू होता. त्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. मी आयुष्यात पुष्कळ पुस्तके वाचली, त्या परिशिष्टाइतके मला कशानेही हलवले नाही. त्यात माणसाच्या देहाचे भाग ओळीने लिहिले आहेत आणि प्रत्येकापुढे आकडा आहे. एका हाताची चारही बोटे गेली तर कमाईची शक्ती शेकडा 50 गेली. तीन बोटे, शेकडा 30. दोन बोटे, 20. नुसता अंगठा गेला तरी 30; म्हणजे एक अंगठा बरोबर तीन बोटे, हे द्रोणाचार्यांना ठाऊक होते. वाचताना अंगावर काटा येतो. पण दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आले, की बोटांच्या त्या ओळींत एकही गुणविशेषण नाही. त्यात स्तुती नाही, कळवळाही नाही. तीन बोटे म्हणजे तीस. वय आणि वेतन घाला, गुणाकार करा, रक्कम निघते. मालक चांगला असो की वाईट, रक्कम तीच.

आणि कलम 17. कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार केला असेल, तर तो त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. म्हणजे माझ्या शब्दावर विसंबून तात्यांनी केलेली ती सही कायद्यापुढे फुकट होती. हे वाचले तेव्हा मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. अर्जाची मुदत दोन वर्षे असते. आमचे एकवीस महिने उलटले होते. आता हा कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. तेव्हा ज्यांना गरज असेल त्यांनी माझ्या बोलण्यावर न जाता चालू मुदत आणि आकडे मूळ मजकुरात पाहावेत. मी एकदा अर्धवट कोश वाचून सल्ला दिला आहे.

मी तात्यांच्या घरी गेलो आणि माझी चूक सांगितली. त्यांच्या घरच्या बाईंनी मला जे ऐकवले ते येथे सांगण्याजोगे नाही. मात्र त्यात खोटे काही नव्हते. तात्या एवढेच म्हणाले, "आता कागद कुठला लिहायचा ते सांग." एका वकिलांनी फी न घेता अर्ज तयार करून दिला. आयुक्तांपुढे प्रकरण तीन वर्षे चालले. कंपनीने ते इंग्रजी पत्र पुराव्यात हजर केले, आणि त्यातला तो शब्द वाचून दाखवताना त्यांच्या वकिलांचा स्वर फार मृदू झाला होता. आयुक्तांनी विचारले, "हँडसमली म्हणजे किती?" वकिलांनी तीन हजार रुपये आणि घड्याळ सांगितले. आयुक्तांनी घड्याळ हिशेबात धरले नाही.

परिशिष्टाप्रमाणे रक्कम आणि वर व्याज, असा हुकूम झाला. पैसे आयुक्तांच्या कचेरीत जमा झाल्याची तारीख आली, त्या दिवशी मी तात्यांबरोबर गेलो. पावतीवर सही करावयाची होती. कारकुनाने त्यांचा उजवा हात पाहून शाईचा पॅड पुढे सरकवला, अंगठा चालेल म्हणाला. तात्यांनी पॅड परत केला. तीन वर्षे ते तारखांना येत होते, बाकावर बसून वाट पाहत होते, आणि त्या वेळात त्यांनी डाव्या हाताने सही गिरवली होती, हे मला त्या दिवशी कळले. त्यांनी लेखणी डाव्या हातात धरली, अगदी सावकाश सही केली, मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "वाच. आणि या वेळेला सगळे वाच."